ज्योतीतून जाणारा करंट

बॉयलर पेटायचा, चार सेकंद जळायचा आणि विझायचा. पुन्हा टिक टिक टिक असा ठिणगीचा आवाज, पुन्हा निळी ज्योत, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा असं झालं की लाल दिवा लागायचा. मग कुठलंही बटण दाबा, तो ढिम्म.

डिसेंबर संपत आला होता. अलीगंजमध्ये सकाळी दहापर्यंत समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं, इतकं धुकं. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नागपूर सोडून आमच्याकडे राहायला येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, पण पहाटे आंघोळ करून बुद्धवंदनेला बसायचं हा नेम त्यांनी लखनौच्या थंडीतही मोडला नव्हता. बाथरूममधला विजेचा जुना गिझर अर्धी बादली गरम पाणी देऊन थकायचा. शिवाय नळाला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. नवरा म्हणायचा, थंडीनं हात बधिर होतो, दुसरं काही नाही. मीही तेच धरून चालले होते.

स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आलाच होता, म्हणून आम्ही त्यावर चालणारा बॉयलर घेतला. मागच्या उघड्या ओट्यावर, भिंतीवर तो बसवला. गॅस कंपनीचा माणूस आला, त्यानं पाइप जोडला, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, धुराची नळी नीट बाहेर काढली आहे ना ते तपासलं आणि सही घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "बिजली का काम आपका इलेक्ट्रिशियन करेगा."

आमचा इलेक्ट्रिशियन म्हणजे चौकातले भैया. पंखा, मिक्सर, ट्यूबलाइट, काहीही बिघडलं की तेच येत. भला माणूस. त्यांनी वॉशिंग मशीनच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढलं, प्लग लावला, आणि मग ते चार सेकंदांचं नाटक सुरू झालं. "मैडम, मशीन ही खराब है," भैया म्हणाले. मी बॉयलरवाल्यांना फोन केला. त्यांचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येऊन सगळं उघडून बघून गेला. "मशीन एकदम ठीक है. अपनी अर्थिंग दिखवाइए."

भैयांना मी ते सांगितलं. त्यांनी बोर्ड उघडला, आत डोकावले आणि हसले. "इतनी सी बात? काली तार न्यूट्रल है. न्यूट्रल और अर्थ एक ही चीज़ समझिए. इसी में एक जंपर मार देता हूँ, चल पड़ेगी." ती दोन टोकं आपसात जोडायला हवी तशी तार पिशवीत सापडली नाही. "कल ले आऊँगा," म्हणून ते गेले.

मी बँकेत काम करते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ही रडकथा सांगत होते, तेव्हा आलमबागला राहणारा एक सहकारी म्हणाला, "तुमच्याच महाराष्ट्राकडची एक बाई आहे आमच्या गल्लीत. ट्रेनिंग सेंटरमध्ये मुलांना वायरिंग शिकवते, सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करते. पण एक सांगतो, वेळ फार लावते." मी तिथूनच तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जंपर अजून लावला नाही ना?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग मी येईपर्यंत प्लग काढून ठेवा. रविवारी येते."

मी भैयांना फोन करून रविवारपर्यंत थांबायला सांगितलं.

रविवारी ती स्कूटरवरून आली. चाळिशीच्या आसपास वय, सलवारवर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट, जाड रबरी तळाचे बूट, केस टोपीत कोंबलेले. हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, अंगठीही नाही. दारातून आत आल्यावर तिचं लक्ष समोरच्या बुद्धमूर्तीकडे गेलं आणि तिथं बसलेल्या सासूबाईंकडे. "नमो बुद्धाय, आजी," ती म्हणाली. सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"कुठली गं तू?"

"पप्पा अकोल्याचे. मी इथलीच, छावनीत जन्मले. मराठी समजते सगळी, बोलताना गडबड होते."

"होऊ दे गडबड. बोल तू."

मला वाटलं होतं, ती सरळ मागच्या ओट्यावर जाऊन बॉयलर उघडेल. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीटरचा बोर्ड कुठे आहे ते विचारलं, त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसली आणि पाच मिनिटं नुसती बघत राहिली. मग मेन स्विच खाली केला. फ्रिज गप्प झाला.

"झालं बंद," मी म्हणाले. "आता लावा हात."

"ताई, एक मिनट."

तिनं पिशवीतून वीज तपासायचा मीटर काढून त्याच्या दोन सुया आधी मेनच्या वरच्या बाजूला लावल्या, जिथे वीज अजून होती. मीटर बोलला. मग वॉशिंग मशीनच्या बोर्डाला लावल्या. मीटर पुन्हा बोलला.

मी बघतच राहिले. मेन तर माझ्या डोळ्यांदेखत खाली केलेला होता.

"इन्व्हर्टर," ती म्हणाली. "लाइट गेली की तुमच्या घरातले काही बोर्ड बॅटरीवर चालतात ना? त्यातलाच हा एक. कोणीतरी मागून जोडून ठेवलाय. मेन बंद केला म्हणून हात घातला असता तर..." तिनं इन्व्हर्टर बंद केला, त्याची तार काढली, पुन्हा बोर्ड तपासला. आता मीटर गप्प. तरीही तिनं सुया परत मेनच्या वरच्या बाजूला लावून मीटर जिवंत आहे ना ते पाहिलं. मग मेनच्या खटक्यावर एक छोटंसं कुलूप अडकवलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"ही मी मागेपर्यंत कोणाला द्यायची नाही. साहेबांना पण नाही."

माझी मूठ आपोआप मिटली. मी रोज तिजोरीच्या किल्ल्या हाताळते, पण त्या किल्लीचं वजन वेगळंच लागत होतं. एका जित्याजागत्या बाईचा जीव माझ्या मुठीत होता, आणि तो तिनं अगदी सहज, चहाचा कप द्यावा तसा दिला होता.

सासूबाई खुर्ची घेऊन जवळ येऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दरवेळी एवढं करतेस?"

"दरवेळी. पप्पांनी शिकवलं. ते छावनीत वायरमन होते. सगळे त्यांना डरपोक म्हणायचे, आजी. तोंडावर म्हणायचे. बाकीचे दोन खांब करून मोकळे व्हायचे, पप्पा अजून पहिल्याच खांबाखाली मीटर लावून उभे." ती हसली. "तीस साल नोकरी केली. एकदाही झटका खाल्ला नाही. रिटायर झाले त्या दिवशी साहेबांनी भाषणात पण डरपोक म्हटलं, आणि पप्पा उठून म्हणाले, जी साहब, इसीलिए दोनों हाथ से नमस्ते कर रहा हूँ."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांनी विचारलं, "आहेत का अजून?"

"आहेत ना. घरी माझा मीटर तेच तपासून देतात."

बोलता बोलता तिनं वॉशिंग मशीनचा बोर्ड उघडला होता. वरच्या मोठ्या भोकाच्या मागे हिरवी तार स्क्रूनं घट्ट बसवलेली होती. मला हायसं वाटलं. "म्हणजे अर्थिंग आहे!"

"तार आहे," ती म्हणाली. "कुठे जाते ते बघू."

ती तार भिंतीतून फिरत मीटरच्या बोर्डापर्यंत येत होती. तिथल्या डब्यात घरभरच्या हिरव्या तारा एकत्र पिळलेल्या होत्या. त्या जुडग्यातून एक जाड तार निघून भिंतीच्या कोपऱ्यात गेली होती. तिनं चिमट्यानं ती हळूच ओढली. वीतभर तार बाहेर आली. टोकाला नीट काळी पट्टी गुंडाळलेली. पुढे काही नाही.

"जमिनीत गेलीच नाही," ती म्हणाली. "घर बांधणाऱ्यानं इथेच सोडली."

अकरा वर्षं आम्ही त्या घरात राहत होतो. माझी मुलगी तिथे लहानाची मोठी झाली. ओल्या हातानं फ्रिज उघडायची, अनवाणी पायानं मशीनमधून कपडे काढायची. मी त्या वीतभर तारेकडे बघत होते आणि अकरा वर्षांतले सगळे ओले हात माझ्या डोळ्यांपुढून जात होते. नळाच्या मुंग्यांबद्दल मी आता तिला सांगितलं. तिनं मान हलवली. "थंडीनं नाही येत मुंग्या, ताई. गिझर आतून गळतोय. वीज जमिनीत जायला रस्ता शोधते. तार मिळाली नाही तर हात चालतो तिला. तो गिझर आता लावू नका."

पण खरं तर अजून पुढेच होतं. तिनं माझ्याकडून किल्ली मागून घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं, वीज चालू करून त्या उघड्या बोर्डाला दोन ठिकाणी सुया लावल्या आणि लगेच पुन्हा बंद करून किल्ली परत दिली. "समोरून बघताना फेज उजव्या हाताला पाहिजे. इथे डावीकडे आहे. उलटं जोडलंय. काळ्या तारेत फेज आहे."

"काळी म्हणजे न्यूट्रल ना?"

"असायला पाहिजे."

मला भैयांचा जंपर आठवला. त्यांनी काय करायचं ठरवलं होतं ते मी पुन्हा सांगितलं. ती मग बॉयलरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर पेन्सिलीनं काढू लागली. हा बोर्ड, ही काळी तार, हा जंपर, ही हिरवी तार. हिरव्या तारेवरून पेन्सिल फिरत फिरत बॉयलरच्या पत्र्यावर गेली, तिथून पाण्याच्या पाइपवर, तिथून बाथरूमच्या नळावर. मग त्या जुडग्यावरून उलट फिरून फ्रिजच्या दाराशी, मशीनच्या झाकणाशी, गिझरशी.

"सगळं जिवंत झालं असतं," ती म्हणाली. "आणि पहाटे पहिल्यांदा आंघोळीला कोण जातं?"

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या मात्र शांतपणे पुठ्ठ्यावरच्या रेघा पाहत होत्या. "बापरे," एवढंच म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरची टोपी हलकेच थोपटली.

मी भैयांना दोन शब्द बोलले असते, पण तिनं अडवलं. "ते रंग बघून काम करतात, सगळेच करतात. त्यांना बोलवा पुढच्या रविवारी. बघतील."

भैया आले. नाराज होते, पण आले, आणि दिवसभर थांबले.

घरासमोरच्या पेरूच्या झाडापाशी बोअरिंगवाल्या दोघांनी हातानं फिरवायच्या गिरमिटानं खड्डा पाडला. गोमतीकाठची माती ती, दहा फूट खाली जाताना एक दगड लागला नाही. सात-आठ फुटांवर ओली, थंड, राखाडी माती वर आली. तांब्याचा मुलामा दिलेली लांब सळई तिनं त्यात उतरवली, भोवती माती ओली राखणारी काळी पूड पाण्यात कालवून ओतली. वरच्या टोकाला जाड तार नटबोल्टनं आवळली आणि मुद्दाम हिसके देऊन पाहिली. मग गल्लीत दूर दोन खुंट्या ठोकून, त्यांना तारा जोडून मीटर लावला. काटा चार ओहमच्या जरा वर थांबला. "चांगलंय. आकडा जितका लहान तितकं बरं," ती म्हणाली आणि जाड तारेचं दुसरं टोक डब्यातल्या हिरव्या जुडग्याला जोडलं. एवढ्या मोठ्या पृथ्वीला जोडले गेलो याची पावती म्हणजे तो एक आकडा. मी त्या सळईच्या टोकाकडे बघत उभी होते. आपलं घर अकरा वर्षं जमिनीवर उभं होतं, पण जमिनीला धरून नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

बॉयलरसाठी तिनं मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन आणली. एक्स्टेन्शन गुंडाळून माझ्या हातात दिलं. वॉशिंग मशीनच्या बोर्डातल्या उलट्या तारा सरळ केल्या. मेनजवळ एक नवा खटका बसवला, वीज भलतीकडे गळाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडणारा. ओट्यावर, पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब, दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच लावला. बॉयलरच्या आत जाणाऱ्या तारेला तिनं मुद्दाम खाली पोट सोडलं, झोळीसारखं. भैयांनी विचारलं, "ये ढीला क्यों छोड़ा?" ती म्हणाली, "बारिश का पानी तार पर चलेगा तो यहीं से टपक जाएगा. अंदर नहीं घुसेगा." भैयांनी त्या झोळीला बोट लावून पाहिलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

"आणि लाइट गेली तर?" मी विचारलं. "इन्व्हर्टरवर नाही ना हा?"

"नाही, आणि घालू पण नका. लाइट गेली की बॉयलर बंद. गॅसची झडप विजेनंच उघडी राहते. वीज गेली की स्प्रिंग तिला मिटवते. हात लावायची गरज नाही."

मग ती वेळ आली. तिनं माझ्याकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं, मेन वर केला. सासूबाई शाल गुंडाळून ओट्यावर आल्या होत्या. टिक टिक टिक. निळी ज्योत. मी मनात मोजू लागले. चार. पाच. सहा. दहा. ज्योत जळतच राहिली.

मला वाटलं संपलं काम. पण तिनं बॉयलर बंद केला, पुढचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हे बघा. सगळ्यांना नाही दाखवत." ज्योतींच्या रांगेत पोलादाची एक बारीक काडी पुढे आलेली होती. तिच्या तारेत तिनं मीटर जोडला. "बॉयलरला कसं कळतं की आग लागली? डोळे तर नाहीत त्याला."

"उष्णतेनं?"

"नाही. ही काडी ज्योतीत बुडते. काडीतून थोडीशी वीज सोडतात. ज्योतीतून ती बर्नरच्या पत्र्यात जाते, पत्र्यातून अर्थमध्ये. चक्कर पूर्ण झाला की मशीनला कळतं, आग आहे. नाही झाला, तर त्याला वाटतं आग नाही, नुसता गॅस सुटतोय. म्हणून तो लगेच गॅस बंद करतो."

"ज्योतीतून वीज जाते?"

"बघा ना."

तिनं बॉयलर चालू केला आणि गरम पाण्याचा नळ सोडला. मीटरवर शून्य. टिक टिक. ज्योत उठली आणि आकडा वर चढला, दोन, अडीच, तीन. किती कमी, ते तिनं मला सांगितलं, एका अँपिअरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले तीन. तिनं नळ बंद केला. ज्योत गेली, आकडा शून्यावर. पुन्हा नळ, पुन्हा ज्योत, पुन्हा तीन.

मी किती वेळा तिला तसं करायला लावलं आठवत नाही. आयुष्यभर मी चुलीपुढे, शेगडीपुढे, दिव्यापुढे बसले होते. ज्योत म्हणजे हवेत थरथरणारी, हातात न येणारी गोष्ट. आणि इथे ती तारेचा एक तुकडा झाली होती. तिच्यातून निघालेली वीज आमच्या पेरूच्या झाडाखालच्या ओल्या मातीत उतरत होती. ते सारखं पेटणं आणि विझणं म्हणजे बिघाड नव्हताच. या घराला जमीन नाही, हे तो लोखंडाचा डबा दर चार सेकंदांनी सांगत होता. आम्हीच त्याला खराब म्हणत होतो.

भैया माझ्यामागून वाकून बघत होते. हळूच म्हणाले, "बाईस साल हो गए काम करते. ये किसी ने नहीं दिखाया."

तिनं मीटर त्यांच्या हातात दिला. "लीजिए, आप लगाइए."

त्यांनी सुया लावल्या. ज्योत उठली, आकडा चढला, आणि त्या माणसाच्या पिकत आलेल्या मिशांखाली लहान मुलासारखं हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पहाटे आंघोळ केली. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी होते, कितीही समजलं असलं तरी. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, एक बादली, दुसरी बादली. शेवटी त्या बाहेर आल्या. अंगातून वाफ निघत होती, गाल लाल झाले होते. "नळाला हात लावून लावून पाहिला," त्या म्हणाल्या. "काही नाही गं. नुसतं पाणी."

आमच्या रांगेतली सहा घरं एकाच माणसानं बांधलेली. पुढच्या दोन महिन्यांत भैयांनी त्यातली चार उघडून पाहिली. तीन ठिकाणी हिरवी तार तशीच काळी पट्टी गुंडाळून भिंतीत निजवलेली निघाली. आता ते आधी मीटर लावतात, मग पिशवी उघडतात. नवा मीटर त्यांनी कपड्यात गुंडाळून ठेवलेला असतो. कोपऱ्यावरच्या घरानं मात्र नाही म्हटलं. इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार, असं तिथल्या सासूचं म्हणणं. मी दोनदा जाऊन आले. परवा तिसऱ्यांदा गेले, तर त्या घरची सून मला दारातच हळू आवाजात म्हणाली, "आंटी, मम्मी जी घर पर नहीं हैं. भैया को अभी भेज दीजिए."